पासवर्ड सांगणार न्हाई

"दोन वर्षं लेकरू नको म्हणं तुला?"

पार्वतीबाईंनी हे विचारलं तेव्हा राजेश्री परातीत ज्वारीचं पीठ मळत होती. तिचे हात तसेच थांबले. सासू दारात उभी होती, पदरानं चष्मा पुसत, जणू दुधाचा हिशेब विचारावा तसं विचारत.

"कुणी सांगितलं तुमाला, आत्याबाई?"

"सांगायला कशाला पाहिजे कुणी? घरातलं घरात कळतं."

राजेश्रीनं खाली मान घालून भाकरी थापली. ती तव्यावर टाकताना बोट भाजलं, तेही तिला उशिरा कळलं. कारण ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही, आईलाही नाही.

गेल्या वर्षी तिचं पोटातलं मूल पाचव्या महिन्यात गेलं होतं. परभणीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की शरीर भरून येईल, मनाचं तुझं तू बघ. मनाचं अजून काही झालं नव्हतं. परवा दुपारी लॅपटॉपवर काम करता करता तिनं संघप्रियाला, तिच्या मैत्रिणीला, एक मेसेज लिहायला घेतला होता. 'मला अजून दोन वर्षं तरी लेकरू नको. भीती वाटते. ह्यांना कसं सांगू?' लिहिलं, वाचलं आणि पुसून टाकलं. हे आधी नवऱ्याला, परमेश्वरला कळलं पाहिजे, आणि ते आपल्या तोंडून, असं तिला वाटलं होतं. मेसेज कुणालाच गेला नव्हता. तिनं लिहिलेलं फक्त त्या पडद्यानं पाहिलं होतं.

त्या दिवशी जेवताना घास तिच्या तोंडात फिरत राहिला. मग एकेक आठवायला लागलं. ती लिहायचं काम करायची त्या पुण्याच्या संस्थेनं तिला काम वाढवून दिलं, ते तिनं सांगायच्या आधी परमेश्वरला कसं माहीत होतं? भावाच्या लग्नात कोणती साडी घ्यायची हे ती आईला लिहीत होती, त्याच संध्याकाळी थोरली जाऊ नर्मदा साडीचा तोच रंग कसा बोलली? तेव्हा तिला वाटलं होतं, नवरा किती लक्ष देतो आपल्याकडं.

राजेश्री पाथरीजवळच्या एका खेड्यातली. परभणीत शेतीची पदवी घेतली, तेव्हा वडलांनी हा लॅपटॉप घेऊन दिला. लग्न होऊन मानवतला आली तशी ती घरी बसूनच पुण्याच्या एका संस्थेसाठी शेतीचे सल्ले मराठीत लिहायची. कापसावरची बोंडअळी, तुरीचा मर रोग, फवारणी कधी करायची आणि कधी नाही. तिचा नवरा परमेश्वर कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होता. थोरला दीर महारुद्र गावात कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. घरात काय घ्यायचं, कुणी कुठं जायचं, हे सगळं महारुद्र ठरवी. सासरे गेल्यापासून तसंच चालत आलं होतं.

दिवाळीत लॅपटॉप फार हळू चालायला लागला, म्हणून तिनंच तो महारुद्रच्या हातात दिला होता. चार दिवसांनी त्यानं परत आणून दिला. "सगळं नवीन टाकलंय. आता फिकीर नको," तो म्हणाला होता. तिनं त्याला चहा केला होता.

संशय आला तरी तिला खात्री करून घ्यायची होती. दुसऱ्या दिवशी तिनं लॅपटॉपवर एक कोरं पान उघडलं आणि लिहिलं, 'शनिवारी पाथरीच्या बसनं जाऊन माझे दागिने आईकडं ठेवून येणार. इथं कुणाला सांगायचं नाही.' मग सगळं खोडलं, पान सेव्ह न करता बंद केलं, आणि बोंडअळीच्या कामाला लागली.

शुक्रवारी संध्याकाळी परमेश्वर कामावरून आला. चप्पल काढता काढता त्यानं विचारलं, "उद्या कुठं जायलीस का?"

"न्हाई. का बरं?"

"असंच."

राजेश्री आतल्या खोलीत गेली. दागिन्यांच्या कपाटाची किल्ली नेहमी खिळ्याला असायची. खिळा मोकळा होता.

ती पलंगाच्या कडेला बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण रडू आलं नाही. कानशिलं तापली. दिवाळीपासून आपण त्या पडद्यावर काय काय लिहिलं ते आठवत गेलं. आईला लिहिलेलं, डॉक्टरीणबाईंना विचारलेलं, अंगावरून जाण्याबद्दलचे प्रश्न. ते सगळं महारुद्रनं क्लासात खुर्चीवर बसून वाचलं होतं.

तिनं फोन घेतला आणि ती गच्चीवर गेली. गच्चीवर मिरच्या वाळत होत्या. संघप्रियानं पहिल्याच रिंगला उचलला. दोघी परभणीत वसमत रोडला एका खोलीत राहिलेल्या. संघप्रियाचे वडील रेल्वेत होते, घर पूर्णेला, आणि ती स्वतः आता परभणीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची.

संघप्रियानं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही "अगं बाई" म्हणाली नाही. मग विचारलं, "हा फोन दिला होतास त्याच्याकडं?"

"कधीच न्हाई. तो माझाच माझ्याकडं असतो."

"बरं झालं. ऐक, लॅपटॉपमधी त्यानं काहीतरी बसवलंय. तू जे जे बटन दाबतीस ते सगळं ते टिपून ठेवतंय आणि त्याला पाठवतंय. पुसलेलंबी."

"काढता येतं का?"

"येतं. पण त्यानं अजून काय काय पेरलंय ते कसं कळणार? मी तुझ्या जागी असते तर सगळंच पुसलं असतं. विंडोजसकट. आणि लिनक्स टाकलं असतं."

"ते तुझ्या कॉलेजात असतं ते?"

"तेच. कुणाच्या मालकीचं न्हाई. आत काय लिहिलंय ते जगात कुणीबी उघडून वाचू शकतं. बनवणाऱ्यांनी काही लपवलं तर दुसरे लोक पकडतात. आणि पासवर्ड तुझा एकटीचा."

खाली महारुद्रची मोटरसायकल अंगणात शिरल्याचा आवाज आला.

"मी रविवारी येते," ती म्हणाली.

रविवारी सकाळी तिनं लॅपटॉप पिशवीत घातला. पार्वतीबाईंनी विचारलं, "कुठं?"

"पूर्णेला. संघप्रियाकडं."

सासूच्या कपाळाला आठी पडली. "जायचं तर जा. पण त्यांच्याकडं जेवू नको म्हणजे झालं."

"जेवूनच येणार हाय, आत्याबाई," राजेश्री म्हणाली आणि बाहेर पडली.

ऑटोनं मानवत रोड स्टेशन आणि तिथून पॅसेंजर. पूर्णेला उतरली तेव्हा संघप्रिया प्लॅटफॉर्मवरच उभी होती. घरी तिच्या आईनं वांग्याचं भरीत आणि भाकरी करून ठेवली होती. आधी जेवण झालं. मग भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली, खिडकीजवळच्या टेबलावर त्यांनी लॅपटॉप उघडला.

संघप्रियाला ते सापडायला वेळ लागला नाही. एका साध्याशा नावाखाली लपलेला प्रोग्राम होता, आणि त्याच्या आत एक पत्ता लिहिलेला होता, जिथं रोजचं सगळं जात होतं. महारुद्रच्या क्लासच्या पाटीवर असतो तोच ईमेल.

"फोटो काढून घे फोननं," संघप्रिया म्हणाली. "हा गुन्हा हाय, राजे. पोलिसात जायचं असंल तर मी संगं येते."

राजेश्रीनं फोटो काढले. एक फोटो हलला, तो तिनं पुन्हा काढला. "आधी हे पुसू," ती म्हणाली. "पोलिसांचं मी ठरवीन."

संघप्रियानं पेन ड्राइव्ह लावला आणि लॅपटॉप त्याच्यावरून चालू केला. ओळखीचा निळा पडदा आलाच नाही. दुसरंच काहीतरी आलं, हिरवट, साधं. "हे अजून आत गेलं न्हाई. नुसतं दाखवायलंय. बघ चालवून."

राजेश्रीनं बघितलं. वायफाय लागलं, आवाज आला. मराठी टायपिंगची सोय संघप्रियानं करून दिली, तरी दोन जोडाक्षरं वेगळ्या बटनांवर निघाली. "हे शिकावं लागंल," ती पुटपुटली. मग तिनं जुन्या डिस्कमधून आपल्या कामाचे लेख आणि आपले सगळे फोटो दुसऱ्या एका पेन ड्राइव्हवर घेतले. दुसरं काही घेतलं नाही. तिच्या बाळाच्या सोनोग्राफीचा फोटो त्यातच होता. तो नीट गेलाय ना, ते तिनं उघडून पाहिलं आणि लगेच बंद केलं.

शेवटी पडद्यावर प्रश्न आला. डिस्कवरचं सगळं पुसून टाकायचं का? हे परत मिळणार नाही.

संघप्रियानं खुर्ची मागं घेतली. "तूच दाब."

राजेश्रीला महारुद्रचा आवाज आठवला, "आता फिकीर नको". तिनं बटन दाबलं.

पडद्यावर पट्टी हळूहळू पुढं सरकत राहिली. संघप्रियाच्या आईनं चहा आणला. कोणती भाषा हवी ते विचारलं तेव्हा राजेश्रीनं मराठी निवडली. नाव विचारलं तेव्हा नुसतं राजेश्री लिहिलं, आडनाव नाही, सासरचंही नाही आणि माहेरचंही नाही. पासवर्ड विचारला तेव्हा संघप्रिया उठून खिडकीशी गेली आणि बाहेर बघत उभी राहिली.

"अगं, तू कशाला उठलीस?"

"तो मलाबी माहीत नको," संघप्रिया म्हणाली.

मग त्यांनी फोनवरून मेलचे, बँकेचे, सगळे पासवर्ड बदलले. परतीच्या गाडीत राजेश्रीला खिडकीशी जागा मिळाली. मांडीवरची पिशवी तिनं दोन्ही हातांनी धरली होती. बाहेर कापूस फुटलेली रानं मागं पळत होती, आणि तिला कितीतरी महिन्यांनी सणकून भूक लागली होती.

महारुद्रला सोमवारीच कळलं असणार, कारण त्याच्याकडं काही आलंच नसणार. मंगळवारी संध्याकाळी तो क्लासातून लवकर आला. समोरच्या खोलीत सगळे बसलेले होते. पार्वतीबाई लसूण सोलत होत्या, नर्मदा पोराचं दप्तर आवरत होती, परमेश्वर मोबाईल बघत होता.

"राजेश्री, लॅपटॉप आण जरा," तो म्हणाला. "अपडेट करायचा राहिलाय."

"झालाय अपडेट," ती म्हणाली.

"कुणी केला?"

"मी."

तो हसला. स्वतःच आत जाऊन त्यानं लॅपटॉप आणला आणि पाटावर ठेवून उघडला. पडद्यावर मराठीत एवढंच होतं: राजेश्री, आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट.

महारुद्रचा चेहरा बदलला. "हे काय टाकलंस?"

"लिनक्स."

"आधीचं कुठाय?"

"पुसलं."

"कुणाला विचारून?"

"माझ्या वस्तूला कुणाला विचारायचं, दादा?"

लहान पोरगा आईकडं बघायला लागला.

"पासवर्ड सांग," महारुद्र म्हणाला.

"सांगणार न्हाई."

"हे बघ, नेटवर लय फसवाफसवी चालतीय. बायामाणसांचे फोटो घेतेत, बँक साफ करतेत. घराची जिम्मेदारी माझ्यावर हाय. म्हणून मी लक्ष ठेवायलो होतो. तुझ्या भल्यासाठी."

"लक्ष ठेवायलो होतो," राजेश्रीनं ते शब्द तसेच उच्चारले. "म्हणजे तुमीच टाकलं होतं. आत्याबाई, ऐकलं का? घरातलं घरात असं कळतंय." तिचा आवाज चढला आणि तिनं तो चढू दिला. "मी डॉक्टरीणबाईंना काय विचारलं ते तुमी वाचलं. माझ्या अंगाचं दुखणं तुमी तुमच्या क्लासात बसून वाचलं, दादा. तुमाला लाज वाटली न्हाई?"

"तोंड सांभाळून बोल!"

"लय सांभाळलं. माझ्याकडं फोटो हायेत, तुमच्या ईमेलसकट. तुमच्याकडं गावातल्या पोरी शिकायला येतेत, त्यांचे बाप तुमच्याकडं भरवशानं कॉम्प्युटर दुरुस्तीला देतेत. मी हे फोटो त्यांना दाखवू का पोलिसांना, ते तुमीच सांगा."

महारुद्र उभा राहिला. त्याचा हात लॅपटॉपवर होता. तो आपटतो की काय असं सगळ्यांना वाटलं. परमेश्वर मधे आला. त्यानं भावाचा हात धरला नाही. खाली वाकला, लॅपटॉप मिटला, उचलला आणि नेऊन राजेश्रीच्या हातात दिला.

"तूबी?" महारुद्र म्हणाला.

परमेश्वरनं मान खाली घातली. "दादा, बस झालं."

महारुद्र पायात चप्पल न घालताच बाहेर गेला. पार्वतीबाईंनी लसणाचं ताट बाजूला सारलं. "एका डबड्यापायी भावाभावात लावून दिलंस," त्या म्हणाल्या. राजेश्री लॅपटॉप घेऊन आत गेली.

थोड्या वेळानं परमेश्वर आत आला आणि दाराला टेकून उभा राहिला.

"तुमाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"दादा म्हणला, सेफ्टीसाठी. मी हो म्हणलो. मग तो एकेक सांगायला लागला. मी नको म्हणायला पाहिजे होतं."

"लेकराचं सांगितलं तेव्हा?"

तो दाराची कडी चाचपायला लागला.

"ते मी पुसलं होतं, कारण मला तुमाला तोंडानं सांगायचं होतं. तुमच्यापाशी बसून. ते तुमी माझ्याकडून घेतलं. आणि कळल्यावर तरी येऊन विचारायचं होतं, बाई, कशाची भीती वाटायली तुला. तुमी आईला सांगितलं."

"आईला दादानं सांगितलं."

"तुमी थांबवलं?"

परमेश्वर खाली जमिनीवर बसला. म्हणाला, "भीती मलाबी वाटती, राजेश्री. त्या दिवशी दवाखान्यात मी बाहेर उभा होतो ना, तेव्हापासून."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. हे तो पहिल्यांदाच बोलत होता. तरी तिनं त्याला लगेच माफ केलं नाही, तसं दाखवलंही नाही. "ठीक हाय," ती म्हणाली. "आता जे विचारायचं ते मला विचारायचं. आणि किल्ली खिळ्याला लावायची. आजच."

त्यानं आईकडून किल्ली आणून खिळ्याला लावली.

पुढचे दिवस सोपे नव्हते. महारुद्र तिच्याशी बोलायचा बंद झाला, तिनं वाढलेलं ताट घेईनासा झाला. पार्वतीबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात शिकलेल्या सुनांबद्दल बोलायच्या. नवीन सिस्टीमही तिला त्रास देत होती. पुण्याहून आलेला एक तक्ता उघडला की रकाने इकडचे तिकडं व्हायचे, प्रिंटर काही केल्या ओळख दाखवीना. संघप्रिया फोनवरून सांगायची, राजेश्री पडद्यावरच्या काळ्या खिडकीत कमांडची अक्षरं टाकायची, चुकायची, पुन्हा टाकायची. एकदा तर वैतागून म्हणाली, "तुझं हे फुकटचं लिनक्स लय महागात पडायलंय." तरी तिनं जुन्याकडं परत जायचं मनातही आणलं नाही. जोडाक्षरं बोटांना सापडली. तक्त्यांचं गणित जमलं. आणि आतापर्यंत ती आतल्या खोलीत दार लोटून काम करायची, ती समोरच्या खोलीत, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, लॅपटॉप उघडून बसायला लागली. उठून चहा टाकायला गेली की पडदा बंद करून जायची. महारुद्र बाजूनं जाताना तिकडं बघायचा नाही.

पोलिसात ती गेली नाही. पण तिनं महारुद्रला परमेश्वरच्या समोर सांगितलं, की फोटो संघप्रियाकडंही आहेत, आणि क्लासात कुणाच्या मशीनमध्ये असलं काही सापडलं तर ती त्या दिवशी विचारत बसणार नाही, सरळ पोलिसात जाईल. त्याच आठवड्यात महारुद्र क्लासातली मशीनं एकेक उघडून बसलेला दिसला, असं परमेश्वरनं तिला सांगितलं.

एका दुपारी घरात दोघी जावाच होत्या. नर्मदा आली आणि दाराची कडी लावून तिच्यासमोर बसली. तिच्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, फार बोलणारी नव्हे. त्या संध्याकाळच्या भांडणात तिनं एक शब्द काढला नव्हता. तिनं पदराआडून आपला फोन काढला आणि पाटावर ठेवला.

"ह्याच्यात बी असंल का गं?"

राजेश्रीनं तिच्याकडं पाहिलं. "का हो ताई, काय झालं?"

"मी मंदिरात जरा जास्ती बसले तर ह्यांचा फोन येतो. माहेरी कुणाकडं गेले ते न सांगता ठाऊक असतंय. मला वाटायचं गावातलं कुणी सांगतंय." तिनं फोन पुढं सरकवला. "बघ तू."

राजेश्रीनं फोन उघडला. फार शोधावं लागलं नाही. नर्मदा कुठं आहे ते दिवसरात्र महारुद्रच्या फोनवर दिसत होतं. तिनं ते नर्मदाला दाखवलं, नकाशावर घर, मंदिर, किराणा दुकान, ठिपके ठिपके.

नर्मदा बराच वेळ त्या ठिपक्यांकडं बघत राहिली. "लगीन होऊन एवढी वर्षं झाली," एवढंच म्हणाली.

"बंद करू?"

"तू नको. मला दाखव, मी करते."

राजेश्रीनं कुठं दाबायचं ते दाखवलं. नर्मदानं बोट ठेवलं, फोननं विचारलं, नक्की का, आणि तिनं हो म्हटलं. मग तिनं फोनचं कुलूपही बदललं. आकडे टाकताना फोन छातीशी धरला. राजेश्री हसली आणि तोंड फिरवून बसली.

संध्याकाळी महारुद्र घरी आला. राजेश्री स्वयंपाकघरात होती. पलीकडच्या खोलीतून त्याचा आवाज आला. "नर्मदा, तुझा फोन बिघडला का? दुपारपासून काही दिसंना मला."

"बिघडला न्हाई," नर्मदा म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, मुद्दाम मोठा. "मी बंद केलंय ते."

"इकडं आण."

"न्हाई आणणार. कुठं गेले ते कळायचं असंल तर विचारा, मी सांगीन."

स्वयंपाकघरात राजेश्रीनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, गॅस बारीक केला, आणि हात पुसून ती जावेच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.